खपलीखालची अक्षरं

सांक्ट क्लेमेन्स, नॉर्थ डकोटा
२२ जानेवारी १९८४

ती. कुनीताईस,
सा. न. वि. वि.

लोकरीचे मोजे पोचले. एक पायात बसतो, दुसरा बहुधा तू गप्पा मारत विणलास.

बातमी वाईट आहे. मंगळवारच्या वादळात पियसच्या थडग्यावरच्या क्रूसाचा डावा हात तुटून बर्फात पडला. नवऱ्याला जाऊन तीन महिने होताहेत आणि त्याचा क्रूस लुळा झाला. ज्या माणसाने या गावातल्या निम्म्या मेलेल्यांना लोखंडी क्रूस घडवून दिले, त्याचाच असा.

क्रूस दिराने, आपल्या वेंडेलिनने केला होता हे तुला माहीतच आहे. दफन झालं त्याच आठवड्यात तो शेडमधून पियसचं वेल्डिंग मशीनही उचलून घेऊन गेला. मला विचारलंसुद्धा नाही. वर म्हणाला की वहिनी, तुम्हाला त्याचा काय उपयोग, उगाच गंज चढेल. मी तेव्हा रडत होते म्हणून गप्प बसले. त्याचा मला अजून पश्चात्ताप होतो.

आज रविवारच्या मिसानंतर, प्रार्थना आटोपल्यावर, चर्चच्या सभागृहात सगळे कॉफी पीत कुखेनचा केक खात होते, तेव्हा मी तो तुटका हात पिशवीतून काढून वेंडेलिनच्या बशीशेजारी ठेवला. तो वाऱ्याला शिव्या देऊ लागला. मी म्हटलं, याच वाऱ्यात पियसचे क्रूस तीस-तीस वर्षं उभे आहेत. त्यावर हा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला की जन्मभर खडू धरलेल्या बाईने लोखंडाबद्दल बोलू नये, बाईंनी आपलं सुंदर अक्षर गिरवत बसावं. लोक हसले, ताई. त्यातले निम्मे माझ्या वर्गात शिकलेले.

हायस्कूलच्या वर्कशॉपमध्ये हिवाळ्यात शेतकऱ्यांसाठी संध्याकाळी वेल्डिंगचा वर्ग असतो. मी नाव घातलं आहे. पियसचा क्रूस मी करणार. आणि वेंडेलिनचा क्रूस वेंडेलिनच उपटणार, सगळ्या गावादेखत, स्वतःच्या हातांनी. त्याशिवाय मला झोप लागायची नाही.

लोभ असू दे. राग माझ्याकडे भरपूर आहे, तो पाठवू नकोस.
तुझी
ओटिलिया


बिस्मार्क
३० जानेवारी १९८४

चि. ओटिलिया हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी इथल्या वृद्धाश्रमातल्या सिस्टर हिल्डेगार्डना वाचून दाखवलं. त्यांनी तुझ्यासाठी प्रार्थना सुरू केली आहे. मी वेंडेलिनसाठी केली, त्याला जास्त गरज दिसते.

अगं, तू अडुसष्ट वर्षांची आहेस. कॉन्व्हेंटमध्ये शिवणाच्या तासाला यंत्राखाली स्वतःचं बोट घातलं होतंस, आठवतं का? आता हातात वीज धरणार! डोळ्यांना जप. केस बांध. ते नायलॉनचे ब्लाउज घालून जाऊ नकोस.

पियस असता तर काय म्हणाला असता, याचाही विचार कर. तो भावावर कधी आवाज चढवत नसे. दिराला माफ कर असं मी म्हणणार नाही, कारण तू माझं ऐकणार नाहीस. पण म्हणायला हवं म्हणून म्हटलं असं समज.

इकडे गुडघा सोडून सगळं ठीक. मोजा परत पाठव, उसवून देते.

तुझ्या पत्राची वाट पाहणारी
कुनी


सांक्ट क्लेमेन्स
१८ मार्च १९८४

ती. कुनीताईस,
सा. न. वि. वि.

तू सांगितलंस ते पोचायच्या आत नायलॉनचा ब्लाउज घालून झाला होता. आता त्याची चाळणी झाली आहे. मी पियसचा कातडी कोट घालून जाते. बाह्या दुमडाव्या लागतात, पण त्याला अजून त्याच्या तंबाखूचा वास आहे.

पहिले दोन आठवडे मी रडकुंडीला आले. काडी पेटवतात तशी रॉड लोखंडावर ओढायची आणि लगेच जराशी उचलायची, एवढंच काम. उचलायला उशीर झाला की रॉड चिकटते, गुणगुणते, लाल होते, आणि मग ती उपटायला झटापट. जास्त उचलली की ठिणगी विझते. मुखवट्याच्या काळ्या काचेतून काही दिसत नाही. मागच्या बाकावर एक टोणगा होता, तो म्हणाला की बाई, फळा पुसताय का. मी त्याला शाळेतल्या त्याच्या शुद्धलेखनाच्या चुकांची आठवण करून दिली. त्याने मुखवटा खाली ओढला.

मग एक दिवस शिकवणारे मास्तर, लिओ फेच, म्हणाले की हाताकडे बघू नका, ठिणगीकडेही नको, तिच्यामागे वितळलेलं लोखंड साचतं त्याच्याकडे बघा, ते किती रुंद होतंय यावर हात चालवा. ताई, ते तर शाईच! कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बोनिफाचिया पट्टी घेऊन मागे उभ्या राहायच्या तेव्हा आपण असंच लिहायचो: टाक एका बाजूला झुकलेला, वेग सारखा, मध्ये थांबणं नाही, थांबलात की डाग. त्या संध्याकाळी माझी पहिली सरळ रेघ उमटली. कढईत डुकराचं मांस तळताना येतो तसा आवाज आला, तो आला की काम बरोबर चाललंय असं समजायचं.

रेघेवर काळी खपली धरते. ती हातोडीने ठोकून काढायची आणि तारेच्या ब्रशने घासायचं, मगच दुसरा थर द्यायचा. नाहीतर खपली आत गाडली जाते आणि जोड वरून गुबगुबीत, आतून पोकळ राहतो. हे कळलं त्या दिवशी मी घरी आले आणि क्रूसाचा तो तुटका हात दिव्याखाली धरला. तुटलेल्या जागी काचेसारखी काळी खपली होती. गंजही न घासता तसाच. वर चंदेरी रंग फासलेला. वेंडेलिनने खपली ठोकलीच नव्हती! सख्ख्या भावाच्या क्रूसाला दहा मिनिटं दिली नाहीत. वाऱ्याचं काय घेऊन बसलास मेल्या.

तोवर मी रागावले होते. आता मी वैरी आहे.

मोजा पाठवला आहे.
तुझी
ओटिलिया


सांक्ट क्लेमेन्स
१६ ऑगस्ट १९८४

वहिनींस,
नमस्कार.

आपलं बोलणं नाही म्हणून चिठ्ठी दारात टाकतो आहे. गव्हाच्या मोठ्या ट्रॉलीचा ओढदांडा तुटला. मी दोनदा जोडला, दोनदा उघडला. फेच मास्तर मॉन्टानात आहेत आणि गॅरेजवाल्याकडे आठवडाभराची रांग आहे. शनिवारी पाऊस सांगितला आहे आणि गहू उभा आहे. तुम्ही शिकलात असं ऐकतो. आज दुपारी जमेल का?

आपला
वेंडेलिन


सांक्ट क्लेमेन्स
२१ ऑगस्ट १९८४

ती. कुनीताईस,
सा. न. वि. वि.

चिठ्ठी सोबत ठेवली आहे, नीट जपून ठेव. मी ती चौकटीत लावणार आहे.

मी निरोप पाठवला की जमेल, पण दोन अटींवर. पियसचं मशीन आधी पियसच्या शेडमध्ये परत येईल, मी त्याच्यावरच जोडीन. आणि मृतांच्या दिवशी, थडग्यांना आशीर्वाद द्यायला सगळं गाव जमतं तेव्हा, तो आपला क्रूस आपल्या हाताने उपटेल. दुपारी तीनला मशीन आलं. दुसऱ्या अटीवर वेंडेलिन टोपी फिरवत म्हणाला की बघू. मी म्हटलं, मग गव्हाचंही बघू. कबूल झाला.

त्याच्या दोन्ही वेळच्या गाठी मी घासून पांढऱ्या लोखंडापर्यंत उतरवल्या. कडा उतरत्या केल्या, थरावर थर दिला, प्रत्येक थराची खपली ठोकली. बाजूंना आधाराच्या जाड पट्ट्या जोडल्या. प्रकाश डोळ्यांना लागतो म्हणून तो दाराबाहेर पाठ करून उभा होता, आणि दर पाच मिनिटांनी झालं का म्हणून विचारत होता.

मग बाहेरच्या पट्टीवर, रस्त्याच्या बाजूला, मी रॉडने लिहिलं. सिस्टर बोनिफाचियांच्या वळणात, प्रत्येक उभी रेघ ताठ ठेवून: हे ओटिलियाने जोडलं, पियसच्या मशीनवर. लिहिलेलं सगळं खपलीखाली होतं, काळा ओबडधोबड पट्टा दिसत होता फक्त. मी खऱ्या मनाने हातोडी उचलली, ताई, देवाशपथ. तर हा म्हणाला की राहू द्या ती ठोकठोक वहिनी, तेवढ्याने काय बिघडतं, मला घाई आहे.

मी हातोडी खाली ठेवली.

धान्यकोठारापर्यंतचा रस्ता तुला ठाऊक आहे, दात खिळखिळे होतात. खड्ड्याखड्ड्याला खपली गळत गेली. कोठाराशी रांगेत बारा गाड्या उभ्या, आणि हा मध्ये, उन्हात चकाकणारी माझी अक्षरं घेऊन. वर्गातल्या त्या मागच्या बाकावरच्या टोणग्याने ती मोठ्याने वाचली. एकही शब्द चुकला नाही. हा टोणगा सुधारला.

संध्याकाळी वेंडेलिन लालबुंद होऊन आला, की हे घासून टाकतो. मी म्हटलं, खुशाल घास. तिथे चकचकीत डाग राहील आणि जो तो विचारेल की इथे काय लिहिलं होतं. दांडा काय म्हणतो, असं मी विचारलं. म्हणाला, दांडा पक्का आहे. हे शब्द त्याला दातांतून काढावे लागले. मी ते दोनदा ऐकून घेतले, पहिल्यांदा ऐकू आलं नाही असं सांगून.

तुझ्या सिस्टर हिल्डेगार्डना यातलं काही वाचून दाखवू नकोस.
तुझी
ओटिलिया


सांक्ट क्लेमेन्स
३ नोव्हेंबर १९८४

ती. कुनीताईस,
सा. न. वि. वि.

काल मृतांच्या दिवशी तू गुडघ्यामुळे येऊ शकली नाहीस, म्हणून सगळं लिहिते.

फादर येण्याआधी वेंडेलिनने क्रूस उपटला. जमीन वरून गोठलेली, त्याला बराच वेळ लागला, आणि सगळे टोप्या काढून बघत होते. कुणी हसलं नाही. मला हसायचं होतं. वर्षभर राखून ठेवलेलं हसू ऐन वेळी आलं नाही, याचा राग वेगळाच. माझा क्रूस तिथे उभा केला. टोकांना पियस करायचा तशी सूर्याची किरणं, मध्ये नाव. किरणं जराशी वाकडी आहेत. फादरनी पाणी शिंपडलं तेव्हा वारा सुटला आणि क्रूस जागचा हलला नाही.

माफ केलंस का, असं तू गेल्या पत्रात विचारलंस. नाही केलं. माझ्या कबुलीजबाबात ते दर महिन्याला येतं, फादरना पाठ झालं आहे.

सभागृहात कॉफीला वेंडेलिन माझ्या टेबलाशी आला. बशीतलं कुखेन उगाच चिवडत बसला. मग हळूच म्हणाला की वहिनी, माझी वेळ येईल तेव्हा माझाही क्रूस तुम्हीच कराल ना, गावात दुसरं कोण आहे आता.

मी म्हटलं, करीन की. त्याला एवढं बरं वाटलं की डोळे पुसले. मग विचारलं की त्यावर लिहिणार काय. मी म्हटलं, ते मी ठरवीन. आणि खपली ठोकणार नाही, भावजी. वारा पाडेल हळूहळू, लोक वाचतील.

त्याने कुखेन तसंच ठेवलं. मी संपवलं.

दोन्ही मोजे आता बसतात. तुझी माया अशीच राहू दे.
तुझी
ओटिलिया