माझ्या घरचं पाणी

५ मे, मंगळवार
पंचांनी हो म्हटलं. मी गावजेवण घालायचं, पंचांतल्या थोरल्या चतुराबाईने पहिला घास मोडायचा — की मी वेशीच्या आत. मागचं सगळं फिटलं. मला आत जायचंय. आणि तिला रडवायचंय. दोन्ही एकदम मनात येतं, त्याची भीती वाटते.

साथीनंतर गावाने वेस बंद केली. नियम चतुराबाईचाच — बाहेरचं पाणी ज्याच्या पोटात गेलं, तो बाहेर. मी तापाने फणफणले होते, गावची टाकी कोरडी. आईने मळ्यातल्या विहिरीचं पाणी मला पाजलं, स्वतःही प्याली. त्याच संध्याकाळी आम्हाला काढलं. तेव्हापासून मळ्यातली खोपी आणि तीच विहीर. अक्षरं आईने तिथेच शिकवली, राखेत बोट फिरवून.

मागच्या पावसाळ्यात ती गेली. खांदा द्यायला वेशीतून एक माणूस आला नाही.

६ मे, बुधवार
वेशीपाशी गेले. चतुराबाई आतल्या ओट्यावर.

“दैवशालाची पोरगी ना तू? मंग ऐक. पीठ, दाळ, तेल, सरपण, सगळं तुझ्या घरचं. आमची काडी मिळायची न्हाई.”

“पाणी?”

“पाणीपण. टाकीतला थेंब न्हाई देणार.”

मी पुन्हा विचारलं, “पाणी माझ्याच घरचं ना, काकू?”

“बहिरी झाली का गं?”

सगळे हसले. वेशीवरचा राखणदार धर्मराज सगळ्यांत जास्त.

८ मे
शेळ्या जाफराबादच्या बाजारात विकल्या. आई म्हणायची, खोटं बोलू नको. बोलत नाहीये. दोनदा विचारलं.

१० मे, रविवार
खोपीवर रांधलं, बैलगाडीने वेशीत नेलं. वरण, बट्ट्या, वांग्याची भाजी. चतुराबाईने घास मोडला, मला कुंकू लावलं. मी आत आले!

मग पंगती बसल्या. वरण मागून मागून खाल्लं. “बिलकुल एक नंबर,” धर्मराज बोटं चाटत म्हणाला. वाढताना मी एकेक तोंड बघत होते. मजा आली. लिहायला लाज वाटते, पण आली.

पंगत घालणारीने दुसरा दिवस उजाडेपर्यंत घोटभर पाणीही घ्यायचं नाही — त्यांचीच रीत. मी पाळली.

११ मे, सोमवार
सकाळी गाव देवळापुढे जमलं. मी उठून सांगितलं — कालचं वरण माझ्या विहिरीच्या पाण्यात शिजलं.

धर्मराज म्हणाला, “नियम बदला ना, काकू.”

“बदलला तर मंग दैवशालाला कशापायी काढलं?” चतुराबाई म्हणाली. उठली आणि तीच आधी वेशीबाहेर गेली. मागून बाकीचे. कडेवरची पोरंही. त्यांचा विचार मी केलाच नव्हता.

धर्मराजने जाता जाता वेशीची किल्ली माझ्या हातात ठेवली — मागचं फिटलेली आणि कालचं वरण न खाल्लेली मी एकटीच.

१२ मे
वेशीला आतून कडी घातली आहे. आई बाहेरच राहिली.