आजोबांचे पायमोजे

प्रिय धनश्री,

तुझा निरोप आला त्याला आज नऊ दिवस झाले. "आरोग्य केंद्राच्या नोकरीची ऑर्डर हातात हाय, जर्मनीचा करार मेलवर येऊन पडलाय. एकोणतीस तारखेच्या आत एकाला हो म्हणायचं. येऊ का नको, ते तू सांग. पण बाई, नुसता अंगठा दाखवून मोकळी होऊ नको." मी त्यावर 'सविस्तर लिहिते' एवढेच कळवले. सविस्तर बोलणे मला फोनवर जमत नाही, हे तुझ्याइतके कोणाला ठाऊक आहे? बीडच्या वसतिगृहात रेक्टरबाईंकडून सुट्टी हवी असली की अर्ज मी लिहायचे आणि तो घेऊन बोलायला तू जायचीस. टपालाने हे पत्र एकोणतीसच्या आत तेलगावला पोहोचणार नाही, म्हणून कागदावर लिहून पानांचे फोटो पाठवते आहे. सावकाश वाच. घरी राधाकिशनकाकांना आणि वच्छलाकाकूंना वाचून दाखवण्याआधी एकदा एकटीने वाच.

आधी इथल्या जगण्याचे सांगते, कारण परिचारिकांना जर्मनीला पाठवणाऱ्या संस्थेचे लोक ते सांगत नाहीत. त्यांनी आपल्याला बर्फाचे आणि फुलांनी भरलेल्या खिडक्यांचे फोटो दाखवले. पत्रपेटीविषयी कोणी अवाक्षर काढले नाही. या देशात सरकार माणसाशी पत्राने बोलते. दारावरच्या घंटीपाशी आणि खालच्या पेटीवर तुमचे आडनाव चिकटवलेले नसेल, तर पोस्टमन पत्र परत नेतो. माझ्या पेटीवर आधीच्या भाडेकरूचे नाव होते. दुसऱ्याचे नाव खरवडून तिथे आपले लावणे मला उद्धटपणाचे वाटले, म्हणून पाच आठवडे मी ते तसेच राहू दिले. परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची दोन पत्रे, विम्याचे कार्ड, बँकेचा गुप्त क्रमांक, सगळे माघारी गेले, आणि मी मात्र रोज ड्यूटीवरून आल्यावर ती रिकामी पेटी उघडून पाहत होते. आमच्या पालीत म्हाळूमामा पोस्टमन माझ्या नावाचे पाकीट थेट धरणाच्या कडेला, आबा शेरडे चारत असत तिथे, नेऊन देत. नाव चिकटवल्याशिवाय मी कुठे राहते हे कोणाला कळणार नाही, ही कल्पनाच मला कधी शिवली नव्हती.

दुसरी गंमत जन्मतारखेची. नोंदणीच्या वेळी कार्यालयातल्या बाईंनी माझा पासपोर्ट पाहिला, मग आई-आबांच्या कागदांचे भाषांतर पाहिले आणि चष्मा काढून मला विचारले, की तुमच्या घरी तिघांचाही जन्म एक जूनला झाला आहे का? मी म्हणाले, चौघांचा. माझा भाऊ सोमनाथही एक जूनचाच. शाळेत नाव घालताना गुरुजी साऱ्या गावाच्या पोरांना एक जून लावून टाकतात, हे जर्मन भाषेत समजावून सांगायला मला वीस मिनिटे लागली. बाई शेवटी हसल्या, पण माझ्या कागदांचे पाकीट त्यांनी 'पडताळणी' लिहिलेल्या ट्रेमध्ये ठेवले आणि ते तिथे दोन महिने पडून राहिले. तू येणार असशील तर जन्माचा दाखला ग्रामपंचायतीतून आत्ताच काढून ठेव. तुझा जन्म खरोखर कधीचा आहे, हेही एकदा काकूंना विचारून घे.

आणि खाण्याचे. पहिल्या दिवशी वॉर्डात बरोबर काम करणाऱ्या बायकांनी कॉफी नि केक पुढे केला. मी 'नको' म्हणाले. आपल्याकडे पहिल्या 'नको'ला कोण किंमत देते? वाढणारी ताटात वाढतेच. इथे त्यांनी मान हलवली, केक झाकला आणि पुढचे तीन आठवडे मला कोणी विचारले नाही. मला वाटले, मी यांना आवडत नाही. त्यांना वाटले, हिला केक आवडत नाही. याच दिवसांत आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "लई वाळलीस गं. तितं भाकर मिळती का न्हाई? का पुस्तकंच खाती?" मी तिला सांगितले, की इथल्या उजेडात सगळेच बारीक दिसतात. तिचा विश्वास बसला नाही, पण तिने फोन सोमनाथकडे देऊन डोळे पुसले ते मला दिसले.

सगळेच असे आहे असे मात्र समजू नकोस. भाषा अवघड आहे. दातांची कवळी काढून ठेवलेल्या म्हाताऱ्या बायका बोलू लागल्या की आपला दोन वर्षांचा अभ्यास खिडकीतून बाहेर जातो. पण ड्यूटी संपली की ती खरोखर संपते. मंगळवारी मी इथल्या वाचनालयात जाते. तिथे लहान मुलांच्या विभागात बसून पुस्तके वाचते आणि कोणी हसत नाही. बाईमाणूस एकटी बसली आहे म्हणून कोणी दोनदा वळून पाहत नाही. तुला आठवते, कपिलधारला आपण दोघीच गेलो होतो आणि धबधब्याच्या पाण्यात पाय सोडून बसलो, तर परतताना तीन ओळखीच्या माणसांनी 'कुणासंगं आल्तीस?' असे विचारले होते? इथे तो प्रश्न नाही. कधीकधी तो कोणीतरी विचारावा असेही वाटते, पण ते निराळे.

आता मुख्य गोष्टीकडे येते. आपली पदवी इथे जशीच्या तशी चालत नाही, हे तुला माहीत आहे. परीक्षा होईपर्यंत आपण परिचारिका नसतो, मदतनीस असतो. माझी ती परीक्षा मार्चमध्ये झाली. त्याच दिवशी दुपारी पाली फाट्यावर सोमनाथने आणि त्याच्या मित्रांनी माझे फ्लेक्स लावले. निकालाची वाट त्यांनी पाहिली नाही. "सत्यशीलाच्या परीक्षेचा निकाल काहून बघायचा? ती कदी नापास झाली हाय का?" असे सोमनाथ म्हणाला म्हणे. 'जर्मनीत परिचारिका परीक्षेत घवघवीत यश', त्याखाली माझा दहावीचा फोटो आणि भोवती गावातल्या तेरा पुढाऱ्यांचे चेहरे. आबांचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता असा होता. "बाई, तुझा फोटू एवढा मोठा लावलाय, की शेरडं बिचकून रस्ता सोडून पळाली." तूही तेलगावहून मुद्दाम येऊन त्या फ्लेक्सपुढे फोटो काढलास. आणि राधाकिशनकाका तुला म्हणाले ते तूच मला कळवलेस : "पालीच्या पोरीपेक्षा आपल्या पोरीचा दुप्पट मोठा लावू, तू निस्ती जा."

धनश्री, मी त्या परीक्षेत नापास झाले आहे.

तोंडी परीक्षेत नव्हे. तिथे मला सगळे येत होते. परीक्षकांनी थांबा म्हणेपर्यंत मी सांगत होते. प्रात्यक्षिकात गेले. मला दिलेले रुग्ण क्लाइन आजोबा, इथल्या भाषेत हेर क्लाइन, वय ब्याऐंशी, खुब्याचे हाड बसवलेले. सकाळची सगळी शुश्रूषा दोन परीक्षकांसमोर करून दाखवायची होती. मी त्यांचे तोंड पुसले, पाठ पुसली, सदरा घातला, घास भरवला. एक थेंब सांडला नाही, चादरीला एक चुणी पडली नाही. उशाशी प्लास्टिकचे लांबट, पन्हळीसारखे काहीतरी होते, दोन्ही बाजूंना दोऱ्या बांधलेले. ते मी अडगळ म्हणून बाजूला सारले, खाली बसले, त्यांचे पाऊल माझ्या गुडघ्यावर घेतले आणि लोकरीचे पायमोजे त्यांच्या पायांत चढवले. माझे आजोबा शेवटी अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांचे पाय मी असेच धरत असे, आणि ते नुसते माझ्या डोक्यावर हात ठेवत. या सबंध वेळात मी एक शब्द बोलले नाही. वडीलधाऱ्याची सेवा करताना बडबड करत नाहीत, एवढेच मला माहीत होते. मला वाटले, यापेक्षा चांगले काम माझ्या हातून कधी झाले नसेल.

निकाल सांगताना माझ्या मार्गदर्शिका फ्राऊ ब्रांट यांनी ते पन्हळीसारखे प्लास्टिक माझ्यासमोर टेबलावर ठेवले. वाकता न येणाऱ्या माणसाने स्वतःचे पायमोजे स्वतः चढवण्याचे ते साधन. हेर क्लाइन तीन दिवसांपासून त्याचा सराव करत होते, कारण घरी त्यांना एकट्याने राहायचे होते, आणि ते जमल्याशिवाय घरी सोडणार नव्हते. त्यांचा उजवा हात व्यवस्थित होता. चमचा ते धरू शकत होते. मी एकदाही त्यांना विचारले नाही, की तुम्हाला काय काय जमते? इथे शुश्रूषा म्हणजे रुग्णाला जे जमते ते त्याच्याकडून करवून घेणे, आणि ते बोलत बोलत करवून घेणे. हे मी पुस्तकात वाचले होते. तोंडी परीक्षेत तर व्याख्येसह सांगितले होते. दुपारी मी हेर क्लाइन यांची क्षमा मागायला गेले. ते म्हणाले, "मुली, तुझे हात फार चांगले आहेत. पण ते माझ्या घरी येणार नाहीत ना." मी स्वच्छतागृहात जाऊन रडले, आणि मग आबांचा तो शेरडे बिचकल्याचा फोन आला.

तेव्हा मी सांगायला हवे होते. मी म्हणाले, "आबा, नीट जेवा." त्यानंतर प्रत्येक आठवड्याने ते सांगणे आणखी अवघड झाले. लोक घरी येऊन आईच्या हातावर पेढे ठेवत होते. मी खोटे काही बोलले नाही. मी कधीच फार बोलत नाही, त्यामुळे कोणाला संशयही आला नाही.

फेरपरीक्षा सप्टेंबरमध्ये आहे आणि ती एकदाच देता येते. तीतही नापास झाले तर परिचारिका म्हणून मला इथे उभे राहता येणार नाही. फ्राऊ ब्रांट रोज अर्धा तास माझ्याबरोबर असतात. त्यांनी मला हात पाठीमागे बांधून उभे राहायला शिकवले आहे, अगदी खरोखर. परवा एका आजींना एक पायमोजा चढवायला अकरा मिनिटे लागली. मी शेजारी उभी राहून 'आता दोरी ओढा, छान, अजून थोडी' असे म्हणत होते आणि माझी बोटे पाठीमागे एकमेकांत अडकून दुखत होती. पायमोजा चढल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिले ते कुस्ती जिंकल्यासारखे. या कामात काहीतरी आहे, धनश्री. मला ते अजून पुरते कळलेले नाही, पण ते शिकायला मी थांबणार आहे. आणि तुला खरे सांगते, ही परीक्षा तू माझ्या आधी पास होशील. तू वॉर्डात शिरलीस की रुग्ण उठून बसत. तिथेही बसत, इथेही बसतील. आरोग्य केंद्रात तू असलीस तर तिथल्या बाळंतिणी रात्री-अपरात्री बीडचा रस्ता धरणार नाहीत, हेही तितकेच खरे आहे. दोन्ही कामे चांगली आहेत. पण त्या फाट्यावरच्या फ्लेक्सकडे पाहून ठरवू नकोस. ते ज्या दिवशी लागले, त्या दिवशी मी नापास झाले होते. काकांनाही हे सांग. मी सांगायला सांगितले म्हणून सांग. आबांना मी स्वतः रविवारी सांगणार आहे. सोमनाथ समोर असताना सांगणार आहे, म्हणजे दोघांना एकदमच कळेल.

हे पत्र लिहायला नऊ दिवस लागले, त्याचे कारण मात्र माझे नापास होणे नव्हे. माझ्या खोलीत दुसरी खाट आहे. घरमालकीणबाईंनी ती हलवू का म्हणून दोनदा विचारले, आणि माझी मैत्रीण येणार आहे असे मी त्यांना दोन्ही वेळा सांगितले. तू करारावर सही करणार की नाही हे तुलाच ठाऊक नव्हते, तेव्हापासून सांगते आहे. बर्फाचे फोटो, वाचनालयाचे फोटो, नदीकाठचे फोटो मी तुला वर्षभर पाठवले. पाच आठवड्यांच्या रिकाम्या पेटीचा एकही पाठवला नाही. या नऊ दिवसांत 'ये, धनश्री, नक्की ये' असे पत्र मी तीनदा लिहून पूर्ण केले. इथले फायदे, पुढच्या संधी, तुझ्या स्वभावाला हा देश कसा मानवेल, सगळे मुद्दे बरोबर होते, कुठेही चूक नव्हती. चौथ्यांदा लिहायला बसले तेव्हा ती तिन्ही पत्रे पुन्हा वाचली, आणि लक्षात आले की त्या पानांवर तू कुठेच नव्हतीस; नुसती मीच होते, एकटी बसून कंटाळलेली. ती मी फाडून टाकली आणि हे लिहिले. तू नाही आलीस तर मला वाईट वाटेल. तेवढे वाईट वाटून घेणे मला जमेल.

तुझीच,
सत्यशीला