पुणे ते बंगळूर, दीड तास

३ नोव्हें., सोमवार
माधुचा बंगळूरहून फोन. "आई, बाळंतपणाला घरीच येणार. पुढच्या रविवारचं विमान बघू?" पहिलटकरीण माहेरीच यायची, त्यात विचारायचं काय! मोबाईलवर पाहिलं. रस्त्याने साडेआठशे कि.मी., विमानाने दीड तास. हे नुकतेच कॅबची पाळी संपवून आलेले. म्हणाले, "दीड तास? शेजारच्या हिंजवडीतनं घरी नांद्याला यायला आज तेवढाच लागलाय."
मागची खोली झाडून घेतली.

४ नोव्हें.
सासूबाईंनी, आमच्या आत्यांनी, खोडा घातला. आत्या बोटं मोजून म्हणाल्या, "आठवा लागला की. आठव्यात पोर आणत न्हाईत. आता नववा लागू द्या."
"आत्या, बैलगाडीच्या काळातलं ते. विमानात धक्के नसतात."
"विमानाला काय आठवा कळतुया?"
वाद घालणार होते, नाही घातला. माझ्याही पोटात भीती होतीच, विषाची परीक्षा कोण घेणार. माधुला कळवलं, महिनाभर थांब. तिचं नुसतं "बरं."

९ नोव्हें., रवि.
आज आली असती. डिंक, खारीक, हळीव आणून ठेवलं. दुपारी नव्या टॉवरांच्या वरून विमान गेलं, आत्या डोळ्यांवर हात धरून बघत राहिल्या. "ह्यातच येनार व्हती का?"


५ डिसें.
नववा लागला. आणि आता हे. विमान कंपनीला डॉक्टरांचं पत्र लागतं. तिथल्या डॉक्टरीणबाई देत नाहीत. पायावर सूज, बी.पी. वाढलेलं. विमान नको, गाडीचा लांबचा प्रवासही नको. "मागच्या महिन्यात खुशाल जायचं ना," म्हणाल्या म्हणे.
डोकं फिरलं. आमचा मुहूर्त उजाडला तर तिथलं दार बंद!
माधु रडली. "तू हवी होतीस गं. मला नि प्रशांतला काहीच कळत नाही." जावई बिचारा पुस्तकं वाचून बाळाला अंघोळ घालायला शिकतोय.
आत्या जेवल्या नाहीत. त्यांच्यावर चिडायचं होतं, जमलं नाही.

६ डिसें.
सकाळी आत्याच म्हणाल्या, "तू जा."
"म्हशी, शेळ्या?"
"मी हाय, ह्यो हाय. लेक येत न्हाई तर आयनं जावं."
असं कुठे करतात, हे त्यांनाच विचारावंसं वाटलं. बुधवारचं तिकीट काढलं. जन्मात विमानात बसले नाही.

१० डिसें., विमानात
विमानतळ गाठेपर्यंतच तीन तास गेले. रस्ताभर ह्यांनी ट्रॅफिकचा उद्धार केला. तपासणीत तुपाची बरणी काढून घेतली. लाडू राहिले.
आत बसले आणि प्रशांतचा फोन. दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्यात, हॉस्पिटलात आहोत. मागून माधुचा आवाज, "आई निघाली का?" निघाले म्हणाले. विमान अजून जागचं हललेलं नाही.
फोन बंद करा म्हणून एक मुलगी दोनदा सांगून गेली. साडेआठशे कि.मी.ची मला भीती नाही. हा दीड तास ती ओरडेल आणि मला कळणारसुद्धा नाही, ह्याची वाटते.
थोडी थांब गं, म्हणावंसं वाटतंय. पण ते मागच्या महिन्यात सांगून बसलेय.