आपले दफ्तर आणि अर्जदाराचा ट्रक एकाच जागी अडकल्याबाबत

प्रति,
मा. वसुली अधिकारी,
वाहन कर्ज विभाग,
(जुन्या इमारतीतून निघालेले व नव्या इमारतीत अद्याप पुरते न पोचलेले कार्यालय)

विषय : तारण ट्रक जप्त करण्यापूर्वी त्यातील आपले दफ्तर उतरवून घेणेबाबत व उरलेले दोन हप्ते स्वीकारणेबाबत.

संदर्भ : आपली जप्तीची नोटीस, दिनांक १३.

महोदय,

सविनय सादर करण्यात येते की, अर्जात 'मी, मला, माझे' असे आले की तक्रार घरगुती वाटते, असे आपल्या कार्यालयातील भाऊसाहेबांनी सांगितले. म्हणून या अर्जात अर्जदाराचा उल्लेख 'अर्जदार' असाच केला आहे. तो माणूस आणि खाली सही करणारा माणूस एकच आहे.

१. अर्जदार लोकांचे सामान एका जागेहून दुसऱ्या जागी हलवून देण्याचा व्यवसाय करतो. त्यासाठी तीन वर्षांपूर्वी आपल्याकडून कर्ज काढून त्याने एका बेकरीवाल्याचा जुना ट्रक घेतला. "यात पावाशिवाय काही वाहिलं नाही हो, फुलासारखी ठेवलीय गाडी," असे बेकरीवाल्याने सांगितले होते. अर्जदाराने रंग पाहिला, टायर पाहिले. इंजिनाचा आवाज मात्र ऐकला नाही, कारण ते सुरू असताना बेकरीवाला मोठमोठ्याने बोलत होता. तेव्हापासून ट्रकचा डावा दरवाजा फक्त आतून उघडतो, हॉर्न उजवीकडे वळतानाच वाजतो आणि उतार असल्याशिवाय ट्रक सुरू होत नाही. जिथे जाईल तिथे बसकण मारायची आणि मनधरणी केल्याशिवाय उठायचे नाही, ही रीत पाहून अर्जदाराच्या पत्नीने त्याचे नाव 'आत्याबाई' ठेवले आहे. अर्जदाराची खरी आत्या त्यावरून घरी यायची बंद झाली, पण तो विषय आपल्या विभागाचा नाही. छत्तीसपैकी चौतीस हप्ते वेळेवर भरलेले आहेत.

२. गेल्या महिन्यात आपले कार्यालय नव्या इमारतीत हलवण्याचे काम, दर सर्वांत कमी असल्यामुळे, अर्जदारास मिळाले. एकूण बेचाळीस लोखंडी पेट्या होत्या. या धंद्यात एक पद्धत आहे : जे सर्वांत जपायचे ते सर्वांत आधी चढवायचे आणि केबिनच्या पाठीला टेकवायचे, म्हणजे त्याला धक्का लागत नाही. एका पेटीवर 'चालू कर्जे : ट्रक' असे लिहिलेले दिसले. स्वतःच्या कर्जाची फाइल हिच्यातच असणार हे लक्षात येताच अर्जदाराचा जीव तिच्यात गुंतला. त्याने ती पेटी हमालांना हात लावू न देता स्वतः उचलली आणि खाली घरची गोधडी घालून सर्वांत आधी चढवली. मग तिच्यापुढे एक्केचाळीस पेट्या, त्यांवर टेबले आणि टेबलांवर आपली फिरती खुर्ची उलटी ठेवण्यात आली. शेवटी आपण स्वतः ताडपत्रीच्या दोरीला लाखेचे सील लावून, "हे नव्या इमारतीत माझ्यासमोरच उघडायचं, नाहीतर गुन्हा दाखल होईल," असे बजावलेत. हे आपल्या स्मरणात असेलच.

३. दोन्ही इमारतींमधला रस्ता दोन किलोमीटरचा आहे आणि सपाट आहे. चपलांच्या दुकानासमोर ट्रक बसला. आज त्यास तेविसावा दिवस आहे. मिस्त्रीने बॉनेट उघडले, बराच वेळ आत पाहिले आणि एखाद्याच्या घरी वाईट बातमी सांगायला आल्यासारखे फडक्याने हात पुसले. "इंजिन गेलं. दुसरं बसवायचं तर कागदावरचा इंजिन नंबर बदलणार. गाडी तारण आहे ना? मग त्यांचं ना हरकत पत्र आणा. त्याशिवाय मी पाना लावणार नाही," असे तो म्हणाला. पूर्वी एकदा अशाच गाडीपायी तो पोलीस चौकीत बसून आलेला आहे, त्यामुळे त्याला दोष देता येत नाही.

४. पत्रासाठी अर्जदार आपल्या कार्यालयात गेला. भाऊसाहेब म्हणाले, फाइल पाहिल्याशिवाय पत्र निघत नाही. फाइल ट्रकमध्ये आहे. ती काढायची तर सील तोडावे लागेल, सील तोडायला आपला लेखी आदेश लागेल आणि आदेश कार्यालयाच्या छापील कागदावरच लागेल. छापील कागद पेटी क्रमांक एकोणीसमध्ये आहेत. "मग दुसऱ्या गाडीने ओढून नेऊ का?" असे विचारले, तर तारण वाहन ओढण्यासही तसाच आदेश लागतो असे कळले. मग निदान हप्ते तरी भरावेत म्हणून दोन्ही हप्त्यांची रक्कम घेऊन तो रोखपालांकडे गेला. ते अत्यंत सज्जनपणे म्हणाले, "तुमचं खात्याचं पान समोर असल्याशिवाय पैसे घेता येत नाहीत. पान आणा, उभ्या उभ्या घेतो." ती रक्कम तेव्हापासून पत्नीच्या शिलाई मशीनच्या खणात पडून आहे. दिनांक १३ रोजी, हप्ता थकवला म्हणून, अर्जदारास नोटीस आली; ती मुख्य कार्यालयातून आपोआप निघते, तिला फाइल लागत नाही. महिनाअखेर ट्रक जप्त होणार आहे.

५. मंगळवारी आपले वसुलीचे दोन कर्मचारी पाहणीसाठी आले व वेळ वाचावा म्हणून ट्रक तेव्हाच नेऊ लागले. अर्जदाराने कोणताही अडथळा न करता किल्ली दिली. दोघांनी आळीपाळीने किल्ली फिरवली, मग खाली उतरून धक्का मारला. चपलांचा दुकानदारही मदतीला आला. ट्रक बारा फूट सरकला. तेविसाव्या दिवसापर्यंत नव्या इमारतीच्या दिशेने झालेली ही एकमेव प्रगती असून त्याबद्दल अर्जदार आपल्या विभागाचा आभारी आहे. त्यांनी कागदावर 'वाहन जागेवर आढळले व जागेवरच ठेवण्यात आले' असा शेरा मारला.

६. रोजच्या वापराची एक लाकडी पेटी भाऊसाहेबांनी मागे न चढवता केबिनमध्ये ठेवायला दिली होती. तीत आवक नोंदवही, शिक्के आणि शाईची गादी आहे. तिला सील नाही. त्यामुळे भाऊसाहेब रोज अकरा वाजता ट्रकवर येतात, चालकाच्या जागेवर बसतात आणि लोकांचे अर्ज घेतात. लोकही आता थेट तिथेच येतात. परवा एका गृहस्थांनी अर्जदारालाच खिडकी कोणती म्हणून विचारले. उजवी, डावी आतून उघडावी लागते, असे त्याने सांगितले.

७. महोदय, ट्रक वाईट आहे हे अर्जदार नाकारत नाही. पण चौतीस महिने तो ज्या ट्रकला शिव्या देत आला तो कागदोपत्री आपला आहे. एकदा तो स्वतःचा व्हावा आणि स्वतःच्या मालकीच्या ट्रकला हक्काने चार शिव्या द्याव्यात, एवढीच त्याची इच्छा आहे. "अहो, शेवटच्या पायरीवरून कोणी खाली ढकलतं का? जा, साहेबांना नीट सांगा," असे पत्नी म्हणते. ती हे रोज म्हणते आणि मग मशीनवर जोरजोरात पाय मारते. अर्जदारास त्या आवाजाने घरात बसवत नाही.

८. तरी विनंती की, आपण स्वतः चपलांच्या दुकानापर्यंत येऊन सील आपल्यासमोर उघडावे. सील नव्या इमारतीतच उघडण्याची अट असल्यास, ट्रक उभा आहे ती जागा एका दुपारपुरती नव्या इमारतीचा भाग समजण्यात यावी. पेट्या अर्जदार स्वतः उतरवील, मजुरी मागणार नाही. आपली खुर्ची सर्वांत वर असल्याने ती सर्वांत आधी निघेल, त्यामुळे आपणास उभे राहावे लागणार नाही.

उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
आपला नम्र,
(सही)
ट्रकमालक, छत्तीसपैकी चौतीस भागांपुरता
दिनांक २४

सोबत : १. नोटिशीची प्रत. २. चौतीस पावत्या. ३. मिस्त्रीचे म्हणणे, त्याच्याच अक्षरात.

पोच : भाऊसाहेब आज रजेवर असल्यामुळे हा अर्ज अर्जदारानेच आवक नोंदवहीत क्रमांक ४१७ वर नोंदवला आहे व त्यावर 'प्राप्त' हा शिक्का स्वतः मारला आहे, त्याबद्दल क्षमा असावी. त्याच पेटीत 'कर्ज पूर्ण फेडले' हाही शिक्का आहे. शेजारी बसलेल्या पत्नीने तो हातात घेऊन पाहिला आणि अर्जदाराकडे दिला. अर्जदाराने तो पुसून जागेवर ठेवला. तो महोदयांच्याच हाताने मारला जावा, म्हणून शाईची गादी वाळू नये याची काळजी तो रोज दोन थेंब पाणी घालून घेत आहे.