आधी वरचा, मग खालचा

सोमवार, ६ मे

आजपासून रोजनिशी. यात फक्त झालेली कामं लिहायची. तक्रारी नाहीत.

जीपखाली तेलाचा डाग सापडला. ही म्हणाली, गेल्या आठवड्यात तो वाटीएवढा होता, आता ताटाएवढा झालाय. हिला सगळं स्वयंपाकघरातल्या मापाने मोजायची सवय.

गळती डिफरन्शियलला आहे. मागच्या दोन चाकांच्या मधोमध लोखंडी भोपळा असतो, तो. त्याला दोन प्लग. वरचा तेल भरायला, खालचा तेल सोडायला. खालचा गळतोय. काढायचा, साफ करायचा, गळती बुजवणारं सीलंट लावून परत आवळायचा. अर्ध्या तासाचं काम.

रविवारी सकाळी लेकीला तिच्या नव्या नोकरीच्या गावी सोडायचंय. चार तासांचा रस्ता, निम्मा घाटाचा. सामान मागे, आम्ही दोघं पुढे. हीसुद्धा येणार होती, मीच नको म्हटलं. लेक दोन आठवडे माझ्याशी बोलत नाही. कारण क्षुल्लक. नोकरी लागल्याचं तिने सांगितलं तेव्हा मी एवढंच म्हणालो की तिची खोली आवरायची घाई नको, महिन्याभरात परत येईलच. विनोद होता. तेव्हापासून सगळं ‘आई, बाबांना सांग’ असं चालतं. मी शेजारीच बसलेला असतो.

चालत्या गाडीतून कुणाला उठून जाता येत नाही. बोलणं होईल. व्हायलाच हवं.

मंगळवार, ७ मे

मेहुण्याचं गॅरेज आहे. हिने मला न विचारता त्याला फोन केला. तो म्हणाला, भाऊजी, गाडी आणून टाका, तासाभरात देतो. मी म्हटलं, आपला हात जगन्नाथ. मग त्याने एक गोष्ट दोनदा बजावली : आधी वरचा प्लग उघडून बघा, तो उघडला तरच खालचा सोडा. गॅरेजवाल्यांच्या अशा अंधश्रद्धा फार. तेल जाणार खालून, मग आधी वरचं उघडून काय हवा खायची?

तांब्याचे दोन नवे वॉशर आणले. सीलंटची ट्यूबही आणली. उघडून पाहिली. टोपी परत बसत नाही, कारण सीलंट टोपीलाच लागलंय. माल उत्तम आहे एवढं सिद्ध झालं.

बुधवार, ८ मे

यश! खालचा प्लग इतका सैल होता की नुसत्या बोटांनी फिरला. कुठल्या बाजूला फिरला ते पाहिलं नाही, कारण लगेच तेल आलं. अर्धं पातेल्यात, अर्धं बाहीत. कोणतं पातेलं ते हिला सांगितलेलं नाही.

प्लगच्या आट्यांत जुनं सीलंट वाळून बसलंय. रॉकेलमध्ये भिजवायला घट्ट झाकणाचं काहीतरी हवं होतं. पॅसेजमध्ये लेकीच्या सामानाचं खोकं आहे, त्यात स्टीलचे सहा छोटे डबे. एक घेतला. एकट्या मुलीला पाच पुष्कळ.

भोकात कचरा जाऊ नये म्हणून कापडाचा बोळा कोंबला. चांगला घट्ट. उद्या वरचा प्लग उघडला की संपलं.

गुरुवार, ९ मे

वरचा प्लग उघडत नाही.

शांतपणे विचार केला. चूक सापडली. मी उताणा झोपतो. उताण्या माणसाचं डावं-उजवं उलटं होतं, आरशात होतं तसं. म्हणजे नेहमी डावीकडे फिरवून जे सैल होतं, ते गाडीखाली उजवीकडे फिरवायला हवं. हे गॅरेजमध्ये कुणी शिकवत नाही, कारण तिथले लोक खड्ड्यात उभे राहतात.

संध्याकाळी पान्याला पाइप लावून उजवीकडे ताकद लावली. प्लग हलला! थोडासाच, पण हलला.

शुक्रवार, १० मे

प्लग आता अजिबात हलत नाही.

परिस्थिती अशी : जुनं तेल बाहेर, नवं आत जात नाही. कोरड्या डिफरन्शियलवर गाडी चालवली तर आतले दाते खलास. त्यामुळे गॅरेजपर्यंतसुद्धा नेता येत नाही. मेहुण्याने हे सांगायला हवं होतं. म्हणजे सांगितलं होतं, पण कारण सांगितलं नव्हतं. ज्ञान असं अर्धवट देऊ नये.

जेवताना लेक आईला म्हणाली, बाबांना विचार, रविवारचं नक्की ना? नाहीतर मामाला सांगते. मी पाण्याच्या ग्लासाकडे बघून म्हटलं, नक्की.

शनिवार, ११ मे

उकळतं पाणी ओतलं. हातोडी चालवली. प्लगच्या कडा जराशा गोल झाल्यात, दिसायला छान दिसतो. उजवीकडे पुन्हा जोर. दंडात कळ. छातीत धडधड होते ती दमल्यामुळे.

हिने अंगण झाडलं, माझी हत्यारं बाजूला सारली. मी म्हटलं, माझ्या वस्तूंना हात लावू नकोस. ती म्हणाली, तुमच्या नाही, माझ्या वस्तू घरात नेतेय. पातेलं ओळखलं होतं. त्यानंतर तिने मला जे सुनावलं ते झालेल्या कामांत मोडत नाही.

उद्याची तयारी चालू आहे. घाट लागेपर्यंत इकडचं तिकडचं बोलायचं. पहिल्या वळणावर विषय काढायचा. वाक्य तयार केलंय : तू परत येशील असं मला वाटत नव्हतं, तू जाऊच नयेस असं वाटत होतं. गाडीखाली दोन-तीनदा मोठ्याने म्हणून पाहिलं. आवाज मध्येच फाटतो. सराव हवा.

रविवार, १२ मे, दुपार

सकाळी मी जीपखालीच होतो. मेहुण्याची गाडी दारात लागली. हिने बोलावलं होतं. खोकी त्याच्या डिकीत चढताना ऐकू येत होती. मी म्हटलं, पाच मिनिटं.

मग लेकीचे नवे बूट दिसले. मग गुडघे. मग ती चक्क प्रवासाच्या कपड्यांत आत सरकली, माझ्या हातातून पाना घेतला आणि डावीकडे हिसका दिला. दुसऱ्या हिसक्याला प्लग कट्ट करून सुटला. म्हणाली, बाबा, डावीकडे सैल, उजवीकडे घट्ट. सायकल शिकवताना तुम्हीच सांगितलं होतं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा मला थेट बाबा म्हणाली. (तीन दिवस मी सैल करून ठेवला नसता तर तिला निघाला नसता, हे खरं. पण बोललो नाही.)

मी पंधरा मिनिटं मागितली. तिने मामाला थांबायला सांगितलं आणि येऊन जीपमध्ये बसली. पुढच्या सीटवर! वरून तिच्या बुटांचा आवाज येत होता. मला हसू येत होतं.

नळी लावून तेल ओतायला घेतलं. एक लिटर गेलं. दोन लिटर गेलं. जुनी गाडी, भूक मोठी, असं वाटलं. तेलाचा तिसरा डबा फोडला आणि पाठ गार पडली. बोळा तेलावर तरंगत माझ्या कानापाशी आला.

खालचा प्लग बसवायचा राहिला होता.

मग शोधाशोध. हत्यारांत नाही, खिशात नाही, बाकाखाली नाही. रॉकेलचा डबाच दिसेना. मेहुणा घड्याळ बघत नव्हता, हे जास्त लागलं. शेवटी लेक पुढच्या सीटवरून उतरली. म्हणाली, राहू दे बाबा, उन्हाच्या आत घाट चढायला हवा. माझ्या अंगाला तेल, त्यामुळे जवळही घेता आलं नाही. कोपराने टाटा केला.

गाडी वळली. वाक्य माझ्यापाशीच राहिलं.

सोमवार, १३ मे

लेकीचा फोन. हिला नाही, मला. कामावर पहिला दिवस बरा गेला. मग म्हणाली, खोलीत रॉकेलचा वास येतोय. चहाचा डबा म्हणून उघडला तर आत लोखंडी बोल्ट. हिने शनिवारी अंगणातला डबा दिसला तसा खोक्यात परत भरला होता. चोर घरातच होता, आणि तो मी नव्हे.

मी म्हटलं, जपून ठेव, फार महत्त्वाची वस्तू आहे. ती म्हणाली, कुरिअरने पाठवू? मी म्हटलं, कुरिअरवाल्यांचा काय भरवसा. मग ती म्हणाली, तुम्हीच या घ्यायला. आणि शनिवारी गाडीखाली जे पाठ करत होतात ना, ते इथे येऊन म्हणा. माझी खिडकी उघडी होती.

मी म्हटलं, इथे आवाज नीट येत नाहीये. आणि फोन ठेवला. मग बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ तोंड धुतलं.

शनिवार, १८ मे

बसने निघालो. स्टँडवर वाकून पाहिलं तर बसच्या डिफरन्शियलखालीही डाग होता. ड्रायव्हरला सांगितलं की हे फार अवघड नसतं, फक्त आधी वरचा प्लग उघडायचा, मग खालचा. त्याने माझ्या हातातली, प्लग भिजवून आणायला घेतलेली रॉकेलची बाटली पाहिली आणि मला खाली उतरवलं.

बाटली कचऱ्यात टाकून पुढची बस पकडली.