रांगेतल्या ड्रायव्हरांचे फॉर्म

आबा, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, आणि त्या फॉर्मबद्दल मी अजून कुणाशीही बोललेलो नाही.

तुम्ही दौंडच्या वर्कशॉपचा टेम्पो चालवायचात, सुटे भाग घेऊन शिक्रापूरला आमच्या कंपनीत यायचात. मी तिथे स्टोअर्समध्ये ऑफिसर होतो आणि रविवारी पुण्याला मॅनेजमेंटचा कोर्स करत होतो. मार्केटिंगचे सर सांगायचे, माल हे निमित्त, गिऱ्हाईक घेतं ती सेवा, आणि तिचं मोल विकणारा आणि गिऱ्हाईक दोघं मिळून घडवतात. मला वाटलं, हे विक्रीपुरतंच का? माल आणणारा ड्रायव्हरही आपलं गिऱ्हाईकच की. प्रोजेक्टला विषय मिळाला. गेटबाहेर तुम्ही तासन्‌तास रांगेत असायचात. तिथे संडास नाही, तुम्हाला डायबेटिस, आणि रांग सोडली की नंबर जायचा. संडास बांधा, असं मी साहेबांपुढे मांडणार होतो. पुरावा म्हणून, गेटवरच्या सोयी कशा आहेत, याचे फॉर्म ड्रायव्हरांकडून भरून घेतले. सगळ्यांवर एकच शेरा, ‘उत्तम’.

जेवताना मी विचारतो, “आबा, शेतात बसता आन् फॉर्मवर उत्तम?”

तुम्ही भाकरी मोडताय. “खाली तुझं नाव हाय न्हवं? मीच सांगितलं समद्यांना, माझ्या पोराचं काम हाय, वंगाळ लिवू नका. एक यूपीवाला म्हणला, ‘चाचा, झूठ लिखवाते हो.’ त्याला चा पाजला.”

“अवो, खरं लिहिलं असतं तर संडास झाला असता!”

“आन् सायबानं तुलाच झापलं असतं मंजी? आमचं काय, चाललंय.”

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना खरं सांगू शकत होतो. मी प्रोजेक्टमधून संडासाचं पान काढलं आणि ‘ड्रायव्हर समाधानी’ असं पान घातलं. साहेबांनी पाठ थोपटली. कोर्समध्ये माझा प्रोजेक्ट पहिला आला.

त्याच उन्हाळ्यात रांगेत तुम्हाला आवरलं नाही. वॉचमन ओरडला, “म्हातारं केबिनमधीच मुतलं!” सगळे हसले. तुम्ही कमरेला टॉवेल गुंडाळून माल उतरवायला आलात. समोर मी. मी ओळख दाखवतो की नाही, हे तुम्ही क्षणभर पाहिलंत, आणि मग तुम्हीच म्हणालात, “साहेब, माल मोजून घ्या.”

मी मोजून घेतला.

तुम्ही असतात तर एवढं ऐकूनही मला माफ केलं असतंत. त्यासाठीच मी लिहायला बसलो होतो, हे आत्ता लक्षात आलं. कागद फाडतोय.