कानबाईसाठी सारवलेली भिंत

मंगळवार, श्रावण

मी विनायक दामोदर वाणी, बी.कॉम., आमच्या गल्लीच्या पूर-मदत समितीचा चिटणीस. उद्या काय करायचे ते स्वतःशी पक्के करण्यासाठी लिहितो.

गिरणेचे पाणी ओसरताच शेजारच्या सरूअक्कांनी भिजलेले धान्य, गोधड्या फेकून कानबाईच्या सणासाठी घर धुऊन सारवले. आज पंचनाम्याला आलेले तलाठी हसले, "अक्का, हे तर माझ्या घराहून स्वच्छ! पाण्याची खूण कुठे?" खुणेविना मदत नाही.

"कानबाई येनार व्हती, भाऊ. तिले चिखलमा बसाडू का?"

त्यांचे चुकले का? मला तसे म्हणवत नाही. पण ती खूण...

गल्लीच्या टोकाच्या बंद गोदामावर गाळाची रेघ अजून स्पष्ट आहे. उद्या तलाठ्यांना पुन्हा बोलावून, त्यांच्यासमक्ष, रशीद मिस्त्रींची पाणी भरलेली पारदर्शक नळी लावून (तिच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर राहते), तीच पातळी अक्कांच्या भिंतीवर आणायची आणि कोळशाने रेघ ओढायची. पाण्याची पातळी कोणाला नाकारता येईल?

अक्कांना हे सांगितले, तर त्या दचकल्या. "मनी भीत खराब व्हई ना, भाऊ!"

"होऊ द्या," मी म्हणालो. "पोळ्याला पुन्हा सारवा. मात्र पंचनामा झाल्यावर."

वि. दा. वाणी
भडगाव, मंगळवार सायंकाळ